खारोडे सरांची हजेरी

दिनांक ९ डिसेंबर, मंगळवार. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. स्थळ: अकोला, मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची तपासायची खोली.

हजर: पेशंट नामदेव तुळशीराम खारोडे, वय सत्तावन्न, गणिताचे शिक्षक, राहणार अमरावती. त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी. त्यांची मुलगी वर्षा, लग्न होऊन अकोल्यात असलेली. डॉक्टर, बाई, वयानं वर्षाएवढ्याच. आणि मी, राऊत, सरांच्याच शाळेची पर्यवेक्षिका. गाडी चालवायला आणि कागद सांभाळायला.

गैरहजर: सरांचा आजार.

हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या वहीत त्या दिवशी तसंच लिहिलं आहे. ज्या आजारानं सहा महिने सरांना धड जेवू दिलं नव्हतं, धड बोलू दिलं नव्हतं, तो त्या खोलीत आलाच नाही. सर खुर्चीत ताठ बसले होते. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. डॉक्टर म्हणाल्या वर बघा, त्यांनी वर बघितलं. पापणी जागची हलली नाही. जीभ काढा, काढली. गाल फुगवा, फुगवले. नाव सांगा.

"नामदेव तुळशीराम खारोडे," सर खणखणीत म्हणाले.

डॉक्टरांनी आम्ही अमरावतीहून आणलेला रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. "अँटिबॉडी निगेटिव्ह आहे. आणि आत्ता तपासून मलाही फारसं काही सापडत नाहीये."

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की ते ऑफिसात येऊन असंच बघायचे. मी मात्र मान फिरवली. कारण आदल्याच संध्याकाळी या माणसाला पाण्याचा एक घोट गिळता आला नव्हता. तो घोट नाकातून परत आला होता, आणि नंतर दहा मिनिटं त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. इथून "काही नाही" असा शेरा घेऊन परत गेलो तर पुढचा घोट कुठं जाईल, हे मला कळत होतं. वहिनींनाही कळत होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

असं का झालं हे कळायला सर कसे होते ते सांगावं लागेल.

खारोडे सर आमच्या शाळेत एकतीस वर्षं होते. त्यातली बावीस मी पाहिली. शर्टाच्या वरच्या खिशात आगपेटी असायची आणि आगपेटीत खडूचे तुकडे. बिडी-काडीचा संबंध नाही. खडू अख्खा वापरला की वाया जातो आणि मोडून ठेवला की शर्ट पांढरा होतो, यावर त्यांनी काढलेला तो तोडगा होता. पाढे म्हणताना ज्याचं चुकलं त्याला मारायचे नाहीत. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणायचे, "बापा, सात सत्ते एकूणपन्नास असते. तुह्या घरी कमी असन, पण शाळेत एकूणपन्नासच असते."

आणि त्यांची हजेरी. नंबरानं हजेरी त्यांनी कधी घेतली नाही. मी पर्यवेक्षिका झाल्यावर वेळ वाचवा म्हणून सगळ्या शिक्षकांना परिपत्रक काढलं: हजेरी क्रमांकानं घ्यावी. सर परिपत्रक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, नंबर कैद्याले असते. पोट्ट्याले नाव असते."

"सर, एकसष्ट मुलं आहेत. चार मिनिटं जातात."

"मग जाऊ द्या न. दिवसभरात त्याचं पुरं नाव दुसरं कोन घेते? बाप 'अबे' म्हन्ते, माय 'मेल्या' म्हन्ते."

ते परिपत्रक सरांपुरतं मागे घेतलं. तर रोज सकाळी प्रार्थनेनंतर दहावी ब मधून तो आवाज यायचा. मुलाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. रजिस्टर मिटलेलं, डोळे मुलांवर. अंकिता सुरेश आखरे. ओम दिलीप इंगळे. तिथून शेवटच्या हिवराळेपर्यंत, मध्ये शेख रेहान शेख युनूस हेसुद्धा वडलांच्या नावासकट. एकही नाव चुकायचं नाही. मी ऑफिसात बसून त्या आवाजावर घड्याळ लावत असे. हिवराळे आला की पहिला तास सुरू.

दुसरी सवय मात्र मला कधीच पटली नाही. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की सरांच्या अंगात यायचं. दोन दिवस आधीपासून वर्ग झाडून, बाकं पुसून, नकाशे सरळ करून. त्यांच्या वर्गातला फळा वरपासून खालपर्यंत तडकलेला होता. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी सर त्या तड्यावर त्रिकोणमितीच्या सूत्रांचा मोठा तक्ता टांगायचे. साहेब आत येणार, तक्ता बघून खूश होणार, शेरा लिहिणार: फळा सुस्थितीत. सात वर्षं शेरा सुस्थितीत आणि फळा फुटका. सात वर्षं मुलांनी तड्याच्या डावीकडे समीकरण आणि उजवीकडे उत्तर लिहिलं.

आठव्या वर्षी साहेबांसमोर मी म्हटलं, "सर, तक्ता काढा." त्यांना काढावा लागला. दोन महिन्यांत नवा फळा आला. सर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि म्हणाले, "तुमचं खरं झालं मॅडम. पन घरची फाटकी गोधडी रस्त्याच्या बाजूनं वाळू घालाची नसते."

तर असे सर.

आजार उन्हाळ्यात सुरू झाला. बोर्डाचे पेपर तपासताना ते एक डोळा हातानं झाकून बसायचे. मी विचारलं, तर म्हणाले एकाचे दोन आकडे दिसतात, झाकला की एकच दिसतो, मग मार्क बरोबर पडतात. अमरावतीचं ते ऊन; मला वाटलं उन्हाचा त्रास. जूनमध्ये शाळा उघडली आणि जुलैत मला ऑफिसात बसल्या बसल्या हजेरी वेगळी ऐकू यायला लागली. पहिली पंचवीस नावं नेहमीसारखी. तिसाव्या नावाला आवाज जड. पस्तिसाव्याला नाकातून. अडतिसावा बोंडे, त्याचा "मोंडे" व्हायचा, आणि एकोणचाळिसावी आचल मनोहर भटकर तर ओळखूच यायची नाही. मुलं हसली. आचल हसली नाही. ती नाव यायच्या आधीच उभी राहून "हजर सर" म्हणायला लागली, म्हणजे सरांना ते म्हणावं लागू नये.

सरांनी काय केलं? तक्ता टांगला. हजेरी दोन भागांत केली, तीस नावं प्रार्थनेनंतर आणि उरलेली मधल्या सुट्टीनंतर. स्टाफरूममध्ये डबा खाणं सोडलं. म्हणाले, उपास धरले आहेत. एकदा मी चुकून वर्गात डोकावले तर एकटे बसून पोळी खात होते आणि एका हातानं जबडा खालून उचलून धरला होता. चावून चावून जबडा थकायचा म्हणून.

"काय करून राहिले सर?"

"काई नाई. दाढ दुखते."

मला यादी केल्याशिवाय सुचत नाही. घरचे हसतात, पण भाजीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत माझं सगळं वहीत असतं. त्या दिवशी वहीत नवं पान उघडलं. तारीख, वेळ, काय दिसलं. दोन आठवड्यांत त्या पानावर एक गोष्ट स्पष्ट झाली. सकाळी बरं, दुपारी कमी, संध्याकाळी वाईट. आराम केला की पुन्हा बरं. ते पान घेऊन मी वहिनींकडे गेले आणि आम्ही दोघींनी मिळून सरांना दवाखान्यात पाठवलं.

पहिल्या डॉक्टरांनी घसा बघितला. दुसऱ्यांनी मात्र नेमकी शंका घेतली आणि अँटिबॉडीची रक्ततपासणी लिहून दिली. रक्त अमरावतीत काढलं, मुंबईला गेलं. नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस सर रोज विचारायचे, "लागला का निकाल?" दहाव्या दिवशी कागद आला. निगेटिव्ह. सरांनी तो गुणपत्रिकेसारखा दोन्ही हातांत धरून वाचला आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही. पेढा टाळूला चिकटला असता तर तो त्यांना सोडवता आला नसता, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांकडे परत जायचं होतं, ते गेले नाहीत. "पास झालेला पोट्टा पुन्हा परीक्षेले बसते काय?"

ऑक्टोबर, नोव्हेंबर असेच गेले. त्यांचं अकरा किलो वजन उतरलं. शेवटी वर्षानं अकोल्यात या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला फोन केला, "काकू, बाबा माझं ऐकत नाहीत. तुम्ही घेऊन या." मी घेऊन गेले.

आणि घेऊन जाताना आम्ही काय केलं? वहिनींनी रात्री लवकर झोपवलं. सकाळी मऊ खिचडी, दाढी, इस्त्रीचे कपडे. गाडीत बसल्यावर सरांनी बोटानं ओठ दाखवले, म्हणजे बोलायचं नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, थेट अकोल्यापर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दमलेत. दमलेले नव्हते, तयारी करत होते. डॉक्टर म्हणजे तपासायला आलेले साहेब. त्यांच्यासमोर सगळं नीट दिसलं पाहिजे. आणि हा आजारही असा लबाड, की दोन तास आराम दिला तर नीट दिसतो. आम्ही तिघांनी मिळून फुटका फळा झाकून अकोल्यात नेला होता.

हे मला त्या खोलीत, डॉक्टर कागद मिटत असताना, एकदम कळलं.

"सर," मी म्हटलं, "तक्ता काढा."

त्यांना लगेच समजलं. चेहरा उतरला. "मॅडम, काहून..."

"काढा. हजेरी घ्या."

"इथं?"

"इथं. दहावी ब. एक ते एकसष्ट."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मी वही त्यांच्यासमोर सरकवली. त्यांनी दोन पानं वाचली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "घ्या सर. मी ऐकते."

सरांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग समोरच्या भिंतीकडे बघून सुरू केलं. अंकिता सुरेश आखरे. ओम दिलीप इंगळे. अकोल्यातल्या त्या लहानशा खोलीत मुलं एकेक करून येऊन बसायला लागली. विसापर्यंत वर्षा हसत होती. तिला ती शाळेत असतानाची हजेरी आठवत असणार. सत्ताविसाव्या नावाला आवाज बसला. डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तेहेतिसाव्याला नाकात गेला. डावी पापणी खाली यायला लागली, आधी थोडी, मग पडदा सोडल्यासारखी. सरांनी हात हनुवटीखाली घेतला. अडतीस, मोंडे. एकोणचाळीस, म्हटलं न म्हटलं. एक्केचाळिसाव्या नावाला ओठ हलले आणि नुसती हवा आली. वहिनींनी तोंडावर पदर धरला. सर तरी थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी, आणि ओठ पुढच्या नावासाठी हलत होते.

"बस," डॉक्टर म्हणाल्या. "बस झालं सर. सापडला."

त्यांनी मग आम्हाला नीट सांगितलं. नसेकडून हुकूम निघतो, स्नायू तो घेतो. शरीराचे पहारेकरी, म्हणजे या अँटिबॉडी, बाहेरच्या शत्रूवर जायचं सोडून त्या हुकूम घेण्याच्या दारावरच जाऊन बसतात. पहिले काही हुकूम पोचतात, मग पोचत नाहीत. म्हणून सकाळी बरं आणि बोलून बोलून वाईट. आजाराचं नाव मायस्थेनिया. "पण रिपोर्ट निगेटिव्ह होता न?" वर्षानं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, त्या रिपोर्टमध्ये एकाच जातीची अँटिबॉडी शोधली होती, जी बहुतेकांना असते ती. काहींना ती नसते, दुसरी असते. तिची तपासणी वेगळी. आणि दुसरी निघाली तर औषधही वेगळं निवडावं लागतं, म्हणून ती कळायला हवी.

सर पाच मिनिटं डोळे मिटून बसले होते. आवाज थोडा परत आला तसे म्हणाले, "म्हनजे एकच नाव पुकारलं. थो गैरहजर निघाला. अन् आपन समजलो का वर्गच रिकामा."

डॉक्टर हसल्या. "बरोब्बर."

"मी गनिताचा मास्तर असून..." सर म्हणाले.

त्यांना त्याच दिवशी भरती करून घेतलं. गिळणं धोक्यात होतं आणि श्वासाच्या स्नायूंवर लक्ष ठेवायचं होतं. त्यासाठी सिस्टर दर चार तासांनी यायची: एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात मोजा, एक, दोन, तीन. किती आकड्यांपर्यंत दम पुरतो ते लिहून ठेवायचं. सरांनी मान हलवली.

"नंबर नाई. नावं."

सिस्टर वैतागली. डॉक्टर म्हणाल्या, म्हणू दे, फक्त दर वेळी सारखीच नावं, सारख्याच गतीनं. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "चारच्या खाली आले तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मग कधी निघेल सांगता येत नाही." मी ते लिहून घेतलं. चार म्हणजे वेदांत प्रकाश काळे.

मंगळवारी दुपारी एका दमात नऊ नावं झाली. बुधवारी सकाळी आठ. मी एक दिवस शाळेत हजेरी लावली आणि पुन्हा अकोल्याला गेले. गुरुवारी सात. शुक्रवारी सहा, आणि सहावं नाव अर्धंच. तोंडानं जेवण बंद, नाकातून नळी. सर वहीकडे बोट दाखवून मला विचारायचे, मी आकडा दाखवायचे. खोटा आकडा सांगायचं एकदा मनात आलं होतं. पण तक्ता काढा म्हणणारी मी.

शनिवारी सकाळी पाच.

डॉक्टरांनी ठरवलं, आता रिपोर्टची वाट बघायची नाही. रक्तातला अँटिबॉडी असलेला पिवळा द्रव मशीननं काढून टाकायचा आणि दुसरा भरायचा, असे पाच वेळा. त्याच्या आधी मात्र तपासणीचं रक्त काढून घ्यायचं. एकदा द्रव बदलला की मग रक्तात खरं चित्र उरत नाही. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी रक्त, मग मशीन. दुपारी सव्वातीनला मशीनवाले सामान घेऊन आले, नळ्या जोडायला लागले, आणि रक्त काढणारा माणूस आलेला नव्हता. मुंबईला नमुने नेणारी गाडी चारला निघणार होती, त्यानंतर थेट सोमवारी. मी दारात उभी राहिले. अक्षरशः आडवी.

"आधी रक्त," मी म्हटलं.

"मॅडम, पेशंटला दम लागतोय," मशीनवाला म्हणाला.

"मला दिसतंय. दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांत सरांनी न सांगता एकदा श्वास घेऊन हजेरी म्हटली. ओठांवरून मी मोजली. चौथ्या नावाला थांबली.

लॅबचे पठाणभाई धापा टाकत आले. साठीचे, केस मेंदीनं लाल, हातात थंड पेटी. लिफ्ट बंद होती. त्यांनी घाई केली नाही. हात धुतले, पेटीतून रक्ताची रिकामी नळी काढली. नळीवर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"आपका पूरा नाम बोलो, सर."

"नामदेव तुळशी..." वर्षा सांगायला लागली.

पठाणभाईंनी हात वर केला. "तुम नहीं बेटी. पेशंटनंच सांगायचं. तीस साल झाले, दुसऱ्यानं सांगितलेलं नाव मी नळीवर लिवलं नाही."

"त्यांना बोलता येत नाहीये!"

"तो लिखेंगे."

मी माझी वही आणि पेन पुढं केलं. सरांनी पेन घेतलं. अक्षर फळ्यावरचंच: नामदेव तुळशीराम खारोडे. वडलांच्या नावासकट. पठाणभाईंनी ते मोठ्यानं वाचलं, सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "हाजिर?"

सरांनी हात वर केला. आमच्या शाळेत मुलं करतात तसा, कोपरातून सरळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत हसू दिसलं. बरोबरीचा माणूस भेटल्याचं.

पावणेचारला पेटी खाली गेली. चारला मशीन सुरू झालं.

रविवारी चार. सोमवारी पाच. दुसऱ्यांदा द्रव बदलल्यावर सात. मी शाळेतून फोन करायचे, वर्षा नुसतं आडनाव सांगायची: "काकू, घोगरे." मग "काकू, चऱ्हाटे!" शाळेत आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर मी रोज ते आडनाव लिहीत होते आणि दहावी ब ची मुलं खिडकीतून येऊन बघून जात होती. ज्याच्यापर्यंत दम पोचला तो मुलगा दिवसभर फुशारकीनं फिरायचा.

रिपोर्ट आला तेव्हा सर बारा नावांवर होते आणि पेज तोंडानं पीत होते. दुसरी अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांत धरून वाचला.

"आला का हजर," ते म्हणाले. "एवढे दिवस मागच्या बाकावर बसून होता, लेकाचा."

डॉक्टरांनी त्या जातीला चालणारं इंजेक्शन सुरू केलं. मी एक कार्ड करून दिलं: आजाराचं नाव, अँटिबॉडीचं नाव, कोणती औषधं घ्यायची नाहीत, कोणाला फोन करायचा. सरांनी ते आगपेटीबरोबर खिशात ठेवलं.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ होता. सर यायलाच पाहिजेत म्हणून मुलं अडून बसली होती. वर्षा घेऊन आली. तेच पांढरे कपडे, अंगावर सैल झालेले. त्यांना स्टेजवर खुर्ची दिली. ते म्हणाले, भाषण नाही, हजेरी घेतो. पूर्ण.  अंकिता सुरेश आखरे. "हजर सर!" एकेक मूल उभं राहून ओरडत होतं. मी स्टेजच्या बाजूला उभी होते आणि नकळत मोजत होते. तीस, आवाज ठीक. चौतीस, किंचित जड. पुढच्या रांगेत आचल भटकर सावरून बसली. अडतीस, हर्षल संजय बोंडे. बोंडेच म्हटलं, "मोंडे" नाही. "हजर सर!"

सरांनी श्वास घेतला. आचल अर्धी उभी राहिली. आणि सर थांबले. माईक बाजूला केला. मी बावीस वर्षांत या माणसाला कोणाच्याही समोर मध्येच थांबताना पाहिलं नव्हतं.

"बस पोट्टेहो," ते म्हणाले. "आज एवढंच. माहा गळा आता इथंच थकते. डॉक्टरनं सांगतलं, थकला का थांबाचं. जे राह्यले थे राह्यले. मी येतो पुन्हा."

कोणी हसलं नाही. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवायला लागला.

मार्चमध्ये ते दोघं वर्षाकडे अकोल्याला राहायला गेले. मी सामान गाडीत लावायला गेले होते. यादी माझ्याकडेच होती. सर मागच्या सीटवर बसले, दोन बोटांनी हनुवटी उचलून धरली आणि काच खाली केली.

"मॅडम, थे तेवीस माहे हायत. तुमी वाचून टाकू नका."

"नाही वाचणार."

"यादी करता तुमी, म्हनून सांगून ठेवलं. टिक मारून मोकळ्या व्हाल."

गाडी निघाली. वळणावर त्यांनी खिडकीतून हात वर केला, कोपरातून सरळ. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला. या वेळी कोणी काही लपवलं नव्हतं. वर्षानं पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं, कार्ड दाखवलं, डॉक्टर तेच, सगळं वेळेवर. छातीनं ऐकलं नाही. सातव्या दिवशी गेले.

ती मुलं आता अकरावीत आहेत. कोणी अमरावतीत, कोणी तिवशाला, कोणी अकोल्यात. गेल्या महिन्यात आचल कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आली होती. दाखला घेतला तरी ऑफिसच्या दारात उभीच राहिली.

"मॅडम, आमची राहिली न."

मी हो म्हटलं. रजिस्टर कपाटात आहे, वरून दुसऱ्या कप्प्यात. काढून वाचायला दोन मिनिटं लागतील. तरी वहीत या आठवड्याच्या पानावर, दाखल्यांच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मध्ये, ती ओळ मी पुन्हा उतरवून घेतली आहे.

दहावी ब, हजेरी, एकोणचाळीस ते एकसष्ट. बाकी.